सिलिंडर अलिबागला, माणसं गावातच

आर्या, कबीर, तुमच्या नव्या घराचा पत्ता मला मिळायच्या आधी तिथल्या दुकानांच्या जाहिराती तुमच्या दारात येऊन पडल्या. त्यांना कळलं कसं, असं काल फोनवर विचारलंत. कोण कुठे राहायला गेलं हे नोंदींवरून शोधणं माझी नोकरी होती, म्हणून एक अनुभव लिहून पाठवते.

माणसं घर बदलतात तेव्हा सरकारला क्वचितच सांगतात. पण गॅसचं कनेक्शन हलतं, जुन्या घराचं वीजबिल उतरतं. नावं काढून टाकलेल्या अशा नोंदी जुळवून कुठून कुठे किती माणसं गेली, याचा अंदाज आमचं ऑफिस बांधायचं.

रेवदंड्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावाचा रिपोर्ट माझ्याकडे होता. तिथली निम्मी गॅस कनेक्शन्स अलिबागला गेली होती. गाव रिकामं होतंय असं ठरलं, तर तिथलं आरोग्य उपकेंद्र बंद होणार होतं. पण विजेचा वापर जराही कमी झाला नव्हता.

"फ्रीज चालू ठेवून गेले असतील," साहेब म्हणाले.

"सगळेच?"

"मग जाऊन बघा. पण रिपोर्ट शुक्रवारी हवाय."

मी गेले. दुपारी अलिबागच्या बाजारातून टेम्पो आला. मासळी विकून परतलेल्या बायका, रिकाम्या पाट्या आणि मध्ये भरलेले सिलिंडर! मी मोजायला लागले, तशी हिराबाई नावाची एक बाई पुढे आली.

"गॅसवाल्या हाय काय तुमी?"

"नाही. उपकेंद्र ठेवायचं की नाही, त्यासाठी आलेय."

तिने पाटी खाली ठेवली. "गॅसची मोठी गाडी खाडीवरच्या अरुंद पुलावरून येत न्हाय. मग आमी कनेक्शन नातेवाइकांच्या पत्त्यावर नेलं. माझं भाचीकडं हाय. बाजारात रोज जातोच, येताना घेऊन येतो. गाव कशाला सोडू? सुनेला आठवा लागलाय. नर्स गेली तर तिला काय या टेम्पोत घालू?" मग हळूच म्हणाली, "भाचीचं नाव लिवू नका हां. कनेक्शन तोडतील."

ऑफिसात परतून मी पुलापलीकडच्या इतर वाड्यांच्या नोंदी काढल्या. तिथेही तेच. गॅस गेलेला, वीज तशीच.

"कारण लिहा," साहेब म्हणाले.

"लिहिलंय. गाडी पूल ओलांडत नाही."

"आणि कनेक्शन्स कोणाकोणाच्या पत्त्यावर आहेत?"

"ते आपल्याला कोणी विचारलेलं नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

हिराबाईच्या सुनेला मुलगी झाली, त्याच उपकेंद्रात. मी एवढं शिकले, की दोन नोंदी जुळेनात तर आधी रस्ता बघून यावा.

पूल अजून तसाच आहे. सिलिंडर टेम्पोनेच येतात. उपकेंद्र चालू आहे.