सड्यावरची दोरी

काळाचौकीचा हितेंद्र विशीपासून मंडळाच्या मिरवणुकीत दोरी धरत आला. दोरीच्या आत मूर्ती, बाहेर गर्दी आणि मधे हितेंद्र. एरवी परळच्या एका लॅबमध्ये तो रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात.

विसर्जन आटोपलं, की बसलेल्या घशानेच तो मुंबईतली पंधरावीस हौशी माणसं घेऊन आईच्या गावी, मालवणच्या बाजूला निघे. गावामागे सडा आहे, म्हणजे समुद्राच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. भाद्रपदात तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, इतकी रानफुलं. तंबू पडत शेवंतीकाकीच्या अंगणात. मागच्या वर्षी मात्र लोक फोटोसाठी फुलांतच फतकल मारून बसले, आणि काकीने सांगून टाकलं, "आणखी एकच वर्स बघतंय. पुन्हा तसा झाला तर माज्या आंगणात तंबू नाय."

ते हितेंद्रच्या जिवाला लागलं. आई गेल्यापासून गावाशी बांधून ठेवणारं त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं. म्हणून यंदा त्याने मंडळाची दोरी मागून आणली.

"इथे उलटं," त्याने सड्यावर सगळ्यांना बजावलं. "माणसं आत, फुलं बाहेर. दोरी सोडायची नाही."

"मला काय गणपती समजलास?" गिरगावच्या गंगुबाई म्हणाल्या. वय चौऱ्याहत्तर, पायांत नातवाचे बूट. "आधीच पितृपक्षात सहलीला आलेय. आमचे हे वरून विचारत असतील, माझं पान कुठंय म्हणून."

"आजी, दोरी धरा."

"धरलीय रे बाबा. लहानपणी शाळेत धरली होती, त्यानंतर आजच."

घोळका निघाला. सीतेची आसवं म्हणतात ती फुलं निळी-जांभळी पसरली होती, मधे गेंदाची पांढरी बोंडं. दादरची पूर्वी फोन काढून खाली वाकली, तशी हितेंद्रने शिट्टी मारली. "दोरीच्या आत." ती मुकाट्याने आत आली. पाऊल कोणाचंच बाहेर पडलं नाही. हितेंद्र समोर बघत चालत होता आणि मनातून खूश होता.

काकी चरायला आणलेल्या गुरांमागे उभी होती. तिने हाक मारली. "हितेंद्रा, माणसां बरी वागतत रे. तुजी दोरीच वाट लावता."

त्याने मागे वळून पाहिलं. लालबागच्या रस्त्यावर दोरी ताठ राहते, कारण तिथे शंभर हात ती ओढून धरतात. इथे पंधरा जणांच्या सैल हातांत ती मधे लोंबली होती, आणि जिथून घोळका वळला तिथली फुलं तिने झाडूने लोटावी तशी आडवी केली होती.

हितेंद्र खाली बसला आणि एक देठ बोटाने उभा करू लागला. देठ पुन्हा पडला.

"सोडा ती दोरी," गंगुबाईंनी सगळ्यांना सांगितलं. मग काकीकडे वळून, "बाई, तुम्ही कशा जाता इथून?"

"गुरांच्या वाटेन. माज्या मागसून येवा, एकामागोमाग."

काकी पुढे झाली. तिच्या पावलात पाऊल टाकत सगळे उघड्या कातळावरून कड्यापर्यंत गेले. हितेंद्र शेवटी, दोरी गुंडाळून खांद्यावर. खाली समुद्र फेसाळत होता.

"काकी, माझं चुकलं," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी येऊ की नको, ते सांग."

काकीने पदर खोचला. "ये. पण आठ दिवस आदी ये. आता फुला सरत इली, म्हणान लोक दाटीच्या जागेत घुसतत. तेवा सडो सगळो भरलेलो आसता, खयसूनय बघूक गावता."

"तेव्हा विसर्जन असतं. मी मंडळात असतो."

"मगे मंडळाक सांग."

गंगुबाई हसू लागल्या. हितेंद्रला हसू येईना. विसर्जनाच्या दिवशी रजा मागितलेला माणूस काळाचौकीत त्याने तरी पाहिला नव्हता. तो कड्यावर बसून मंडळाच्या अध्यक्षांना काय सांगायचं ते मनात जुळवू लागला.