जुना आकडा

संचिता भोईर मूळची कळव्याची, आणि राहतेही तिथेच. नोकरी ठाण्यात. पण ऑफिसला निघायच्या आधी ती चहा घेऊन लॅपटॉपपुढे बसते, ते दुसऱ्याच कामासाठी. त्याचा पगार नाही, आणि ते नेमकं काय आहे हे तिच्या आईला अजून नीट सांगता येत नाही. लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, जगभरातली माणसं मिळून लिहितात. तापमान मोजणाऱ्या साध्या सेन्सरशीही त्या गाभ्याला बोलता यावं म्हणून जो कोड लागतो, तो ड्रायव्हर. लोक असे ड्रायव्हर मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर, पाठवतात, संचिता ते वाचते आणि चुका दाखवते. हे सगळं उघडपणे चालतं, कुणीही वाचावं.

तिचा शब्द तिथे मानला जायचा. थोडी धास्तीही होती तिची. दोन ओळींत कोड परत करायची तिला सवय होती.

मार्चमध्ये एका रवींद्र तांबे नावाच्या माणसाचा पहिलाच ड्रायव्हर आला. सेन्सर स्वस्तातला, कोड नेटका. एक गोष्ट मात्र तिला खटकली. सेन्सरने उत्तर दिलं नाही, तर ड्रायव्हर आधीचाच आकडा पुन्हा देत होता. तिने लिहिलं, वाचता आलं नाही तर एरर परत करा, म्हणजे आकडा मिळाला नाही असं सांगा. सुधारित कोड आला, त्यात बाकीचं सगळं दुरुस्त, हे तसंच. सोबत खुलासा, 'स्क्रीन कोरी झाली की वापरणारे घाबरतात.' संचिताने उत्तर दिलं, 'हे खोटं सांगणं आहे. असा कोड घेता येणार नाही.'

त्यानंतर तांब्यांकडून काहीच आलं नाही.

असे लोक गप्प होतात, तिला ते नवीन नव्हतं. पण 'घाबरतात' हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. कोण घाबरतं? तिने ते विचारलंच नव्हतं. मेलच्या खाली नाव, डोंबिवली पूर्व आणि फोन नंबर होता. दोन दिवस घुटमळून तिने फोन लावला.

"मी संचिता भोईर. तुमचा कोड बघितलेला, ती."

पलीकडून शांत, वयस्कर आवाज आला, "बोला मॅडम."

तिला वाटलेलं, कुणी कॉलेजचा मुलगा असेल. निघाले साठीचे गृहस्थ. एमआयडीसीतल्या कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती करून निवृत्त झालेले, कोड लिहायला त्यानंतर शिकलेले. इमारतीतल्या डॉ. शीला यांच्या दवाखान्यात लहान मुलांच्या लसींचा फ्रिज होता. त्याचं तापमान बाहेर दिसावं म्हणून त्यांनी एक डबी बनवून दिली होती. स्क्रीन कोरी झाली की डॉक्टरांचा फोन यायचा, म्हणून त्यांनी जुनाच आकडा दिसत राहील असं केलं होतं.

"तुमचं म्हणणं चूक नसेल," ते म्हणाले, "पण खोटं हा शब्द फार झाला, मॅडम. माझ्या मुलीने वाचलं ते. प्रियांकाने. तिलाच मी कौतुकाने लिंक पाठवली होती."

"सॉरी, काका," संचिता म्हणाली. "मी येऊन बघू का तो फ्रिज?"

रविवारी ती डोंबिवलीला गेली. तांबेकाका रिक्षा स्टँडपाशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात स्क्रूड्रायव्हरची पिशवी. दवाखान्यात डबीवर पाच अंश दिसत होतं. डॉ. शीलांनी फ्रिज उघडला. आतल्या कप्प्यात नेहमीचा थर्मामीटर ठेवलेला होता. त्यावर नऊ, आणि लसींना आठच्या वर चालत नाही.

"अहो, सकाळी लाइट गेलेली," डॉक्टर म्हणाल्या. "पण बाहेर तर पाचच दिसतंय, म्हणून मी निर्धास्त होते." आणि त्या लगबगीने लसी बर्फाच्या पेटीत हलवायला लागल्या. या लसी वापरायच्या की नाही, ते कंपनीला विचारल्याशिवाय कुणाला द्यायच्या नाहीत, असं त्यांनी मदतनीस बाईंना बजावलं.

तांबेकाका गुडघ्यावर बसले आणि सेन्सरची बारीक वायर बोटांनी चाचपत गेले. दाराच्या रबरापाशी थांबले. दार बंद झालं की वायर तिथे चेपत होती, आतून जवळजवळ तुटली होती.

"म्हणजे तो मुका का होतोय, ते बघायला हवं होतं," ते हळूच म्हणाले. "मी त्याचं तोंड झाकून टाकलं."

"ते मीही विचारलं नाही ना, काका. नुसतं नाही म्हणून मोकळी झाले."

त्यांनी नवी वायर मागच्या बाजूने नेली. मग दवाखान्यातल्या बाकावर बसून दोघांनी कोड उघडला. बदल काही ओळींचाच होता. सेन्सर बोलला नाही, तर एरर द्यायची. कोरी जागा बघून डॉक्टर पुन्हा घाबरतील, हे काकांचं म्हणणं संचिताला आता पटत होतं, म्हणून स्क्रीनवर काय लिहावं यावर बराच खल झाला. काका म्हणाले, "'तापमान कळत नाही, फ्रिज तपासा' असं लिहू. साध्या मराठीत." डॉक्टरांनाही ते आवडलं.

त्या आठवड्यात कोड लिस्टवर आला. संचिताने तो तपासून खाली तपासणारी म्हणून आपलं नाव जोडलं. वर एक परिच्छेदही लिहिला, तिच्या मानाने लांबलचक. आपला आधीचा शब्द कठोर होता, आणि लेखकाची अडचण खरी होती, असं तिने सगळ्यांसमोर मांडलं. पाठवायच्या आधी तिने तो तीनदा वाचला. प्रियांकाही वाचेल, हे तिच्या मनात होतं.

पावसाळा संपता संपता तांबेकाका दुसऱ्यांचे ड्रायव्हर तपासायला लागले. एके सकाळी संचिताच्या फोनवर त्यांचा मेसेज आला. कुणा नवख्याने हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरसाठी कोड पाठवला होता, त्यावर लिहिलेला अभिप्राय त्यांनी आधी तिला दाखवला होता. खाली विचारलं होतं, 'हे जास्तच कडक होतंय का, बघा बरं.'

संचिताने चहा बाजूला ठेवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.