आईच्या घागरीतलं पाणी

त्या गाजलेल्या भयपटात माझी आई नऊ सेकंद दिसते. मी घड्याळ लावून मोजले आहेत. आमच्या औंढे गावच्या विहिरीवर चित्रीकरण झालं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पाच बायका डोक्यावर घागरी घेऊन कॅमेऱ्याकडे चालत येतात. त्यांतली दुसरी माझी आई, तिसरी तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी.

दिग्दर्शकाने घागरी रिकाम्याच ठेवायला सांगितल्या होत्या. बायका अडून बसल्या. रिकामी घागर घेऊन कुणाच्या समोर यायचं नसतं. दृश्य सहा वेळा घेतलं, सहाही वेळा घागरी काठोकाठ भरल्या. पाणी हिंदकळून आईच्या कपाळावरून ओघळतं, पण ती डोळे मिटत नाही. लोक घाबरतात ते तिथे. भूत त्या सिनेमात फक्त तीनदा दिसतं.

आईला जाऊन अठरा वर्षं झाली. तिचं दुसरं हलतं चित्र आमच्याकडे नाही. यंदा दुसरा भाग आला, त्यात जुनी दृश्यं आहेत असं कळलं, तेव्हा मावशीच म्हणाली, "अक्काला येकदा मोठ्या पडद्यावर दाव. फोनात तिचं त्वांड हरभऱ्यायवढं दिसतं."

उर्से टोलनाका ओलांडून मॉलमधलं थिएटर गाठलं. पहिल्या तासात भूत एकेचाळीस वेळा आलं. मग मी मोजणं सोडलं.

"ह्ये भूत हाय का यष्टीचा कंडक्टर?" मावशी म्हणाली. "घडीघडी येतंय."

मग विहीर आली. मावशीने माझा हात घट्ट धरला. पाच बायका, तीच चाल. पण आईचे डोळे संगणकावर पांढरे केले होते. हिरड्या काळ्या, सडक्या. गालातून अळ्या गळत होत्या आणि कपाळावरून पाण्याऐवजी रक्त ओघळत होतं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मागच्या रांगेत कोणीतरी खिदळलं. आम्ही उठून बाहेर आलो.

"भरल्या घागरीनं आलती रं ती," मावशी जिन्यावर बसत म्हणाली. "आन् ह्येंनी काय वतलं त्यात!"

घरी जाऊन जुना सिनेमा लावू, असं मी म्हणालो.

"नगं. आता त्येच त्वांड आडवं यील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकट्याने लावला. सेकंद नऊच. आईची पावलं अकरा. तिचं तोंड पूर्ण वेळ मिटलेलं आहे, हे मला पाठ आहे. तरी चौथ्या पावलापासून मी तिच्या हिरड्या शोधत होतो. किळस आली ती माझीच, आणि ज्यांनी ही सवय माझ्या डोळ्यांना लावली त्यांची.

संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"बघितलास व्हय?"

"बघितला."

"घागर भरल्यालीच हाय न्हवं?"

"भरलेलीच आहे," मी म्हणालो.

चेहऱ्याचं तिने विचारलं नाही.