बाबांच्या आत कोणी नव्हतं

माझे बाबा इतके सरळ होते, की माणसाला वैताग यावा. हिंगणघाटला शाळेत मास्तर होते. शाळेचा खडूसुद्धा कधी घरी आणला नाही. आई गेल्यावर मी त्यांना बोरगाव मेघेला माझ्याकडे आणलं, तर शेजारणीच्या झाडाचा आमच्या अंगणात पडलेला आंबाही ते नेऊन द्यायचे.

आणि असा माणूस चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला, घेत नसे! आमच्यात रीत अशी, की मनात पाप ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही. ज्याला अडचण असेल त्यानं आधीच बाजूच्या दारानं निघून जायचं. बाबा दर वेळी निघून जायचे. मग काय, लोकांना तेवढंच पाहिजे. म्हाताऱ्याचं हिंगणघाटात दुसरं घर असन, इथवर मजल गेली. मला राग यायचा, लोकांचा कमी, बाबांचा जास्त.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले. एका दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि आतल्या खोलीतून ठकठक ऐकू आली. जाऊन पाहते तर बाबा बोटाच्या पेरानं स्वतःचीच छाती वाजवत होते. वाजवायचे, थांबायचे, कान द्यायचे. बंद घराचं दार ठोकून बघावं तसं. 

"काय करून राह्यले, बाबा?"

"आत कोणी आहे का, पाहून राह्यलो. जन्मभर घर झाडलं, पोरी. कचरा नाई सापडत. पण ज्याच्यासाठी झाडलं, तो प्रभूही नाई सापडत. असाच गेलो, तर तो मले ओळखन का?"

म्हणजे पापामुळे ते उठून जात नव्हतेच. मी म्हटलं, तुमच्याइतकं चांगलं कोण आहे? नुसत्या चांगुलपणानं तारण होत असतं तर प्रभूला यायचं कामच काय होतं, म्हणाले, आणि पुन्हा वाजवायला लागले.

मग रोज दुपारी तेच. मी स्वयंपाकघरात टीव्ही मोठा करून बसायची. शेवटी चर्चच्या पाळकांना बोलावलं. ते भाकर आणि प्याला घेऊन आले, समजावून थकले, बाबा तोंड उघडेनात. बाबांनी परत स्वतःच्या छातीवर बोट वाजवलं, आणि झटक्यात हात मागे घेतला. आतून कोणी उलट ठोकलं असावं तसा. पाळकांनी भाकर पुढे केली. बाबांनी लहान लेकरासारखं तोंड उघडलं.

पाळक गेल्यावर मी उशी सारखी करायला वाकले. बाबा माझ्याकडे बघत होते, पण ती नजर माझ्या ओळखीची नव्हती.

"मी नाई राह्यलो आता," ते म्हणाले. "तोच आहे."

मला त्यांची भीती वाटली. पळून जावंसं वाटलं, खरं सांगते. तेवढ्यात त्यांचा हात उठला आणि माझ्या केसांवरून फिरला, मग पुन्हा फिरला. बाबांनी आम्हा लेकरांवर कधी हात उगारला नाही, तसं कधी जवळही घेतलं नव्हतं. तो हात कोणाचा होता, मला अजून सांगता येत नाही. कंबर भरून आली तरी मी तशीच वाकून राहिले.