सोळावा सेकंद

मोजणीमास्तरांचा पंधरा सेकंदांवर जितका विश्वास होता, तितका देवावरही नव्हता. सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत त्यांचं एकच काम. पाण्यातले बारीक जीव ठेवलेल्या काचेच्या बशीत जेलीफिशच्या विषाचा थेंब सोडायचा आणि तासाभराने कोण गेलं, कोण राहिलं ते बघायचं. एकपेशीय जीवांचा प्रश्न नसे. सूक्ष्मदर्शकाखाली ते फुगून फुटत, विषय संपला. घोळ सगळा पाणपिसवांचा. टाचणीच्या टोकाएवढ्या या बाया मेल्याचं सोंग आणण्यात पटाईत. म्हणून नियम असा, की बशीला टिचकी मारायची, मनात पंधरा मोजायचे आणि तोवर जी हलली नाही तिला वहीत 'मृत' लिहून मोरीत ओतायचं.

हा नियम मास्तरांनी घरीही नेला. लिफ्टला पंधरा सेकंद, दुकानदाराला पंधरा, बायकोलाही पंधरा. काही विचारायचं, मोजायचं, उत्तर नाही आलं की पायात चपला. "आमच्या घरात बोलणंच मेलंय," असं ते तोंड पाडून सांगत. त्यांना त्याचं खरंच वाईट वाटे. बायकोने आपल्याशी दोन शब्द बोलावेत, यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं.

एका मंगळवारी बशीतली एक पाणपिसू पंधरा झाले तरी ढिम्म. शेवटचा आकडा मोजतानाच मास्तरांनी 'मृत' लिहिलं, बशी उचलली आणि त्यांना शिंक आली. तेवढ्यात सोळावा सेकंद लागला आणि बाईसाहेब टुणकन उडी मारून पोहायला लागल्या.

मास्तरांनी बशी खाली ठेवली. उरलेल्या मृतांपुढे ते स्टूल ओढून बसले. मिनिटाभरात आणखी दोघी उठल्या. मास्तर तडक प्रयोग चालवणाऱ्या संशोधक बाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, मेलेल्या उठतायत."

बाईंनी चष्मा वर केला. "कितव्या सेकंदाला?"

"पहिली सोळाव्या."

"मग आपल्या दृष्टीने ती मेलेलीच."

"अहो, पण पोहतेय."

"पोहू दे. नियम पंधराचा आहे."

"आणि आजवर मी मोरीत ओतल्या त्या?"

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. मास्तर सवयीने मनात मोजू लागले आणि स्वतःचीच लाज वाटून थांबले.

"त्यांचं आता काय करणार?" बाई शेवटी म्हणाल्या. "वहीत खाडाखोड करू नका."

मास्तरांनी खाडाखोड केली नाही. त्या तिघींना डब्याच्या वाटीतून नेऊन प्रयोगशाळेमागच्या पाण्याच्या टाकीत सोडलं आणि टाकीवर चिठ्ठी चिकटवली: 'मयत. रोज खायला घालणे.'

संध्याकाळी घरी बायको खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होती. मास्तरांनी चपला काढल्या आणि सहज हात पोचू नये म्हणून कपाटावर ठेवल्या.

"आपण एकदा समुद्रावर जाऊ या का?" त्यांनी विचारलं. समुद्रातल्या विषावर सत्तावीस वर्षं घर चाललं होतं, पण तिला समुद्र दाखवायचा राहून गेला होता.

पंधरा झाले. तिची मान खालीच. सोळा, अठरा, वीस. तिने गाठ मारली, दोरा दाताने तोडला, बटण ओढून पाहिलं.

"जाऊ या," ती म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षीही हेच विचारलं होतं तुम्ही. मी हो म्हणाले, तेव्हा तुम्ही जिन्यात होतात."