मागून धरलेलं घर

इंदूअक्कांचं नाव आधी लिहितो, मग पुढचं लिहायला धीर येईल. पारोळा मागे टाकून धुळ्याकडे निघालं की एक बंद पडलेली जिनिंग मिल (कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना) लागते. तिच्या वजनकाट्यावर त्या बसतात. मे महिन्यातल्या भर दुपारी, रस्त्यावर सगळी दारं लावलेली असताना, त्यांनी आम्हाला फाटक उघडलं. त्यांनी उघडलं नसतं तर लळिंगच्या घाटात आम्हा तिघांचं काय झालं असतं, हे मी अजून मनात आणू शकत नाही.

मी कुडाळकडचा. आठवीत शाळा सुटली आणि वेल्डिंग हाती आलं. फावल्या वेळात मी दोन चाकांवरचं एक छोटं घर जोडलं. खाट, ओटा, खिडकीला पडदा, आणि पुढे लोखंडी दांडा. तो जीपला अडकवायचा आणि घर ओढत न्यायचं. माझी बायको सुनीता फैजपूरची. तिच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तिथे एकटीचं बघणारं कुणी नव्हतं, आणि आगगाडीत तेवढं बसणं तिला जमणार नव्हतं. म्हणून घरच घेऊन आणायला गेलो. गाडी थांबेल तिथे खाटेवर आडवं व्हायचं, चालताना जीपच्या मागच्या बाकावर पडून राहायचं. चालत्या घरात माणूस ठेवायचा नाही, हा माझा नियम.

जाताना घर रिकामं होतं आणि शहाण्यासारखं मागे आलं. जीपच्या मागे दांडा अडकवायचा लोखंडी गोळा असतो; नुसत्या त्याच्यावर घर अडकवलं की घराचं नाक (दांड्याकडचं टोक) जीपच्या मागच्या चाकांवर बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात उरत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या घालून साखळीने ताणायच्या, म्हणजे भार पुढच्या चाकांना आणि घराच्या चाकांना वाटून जातो. त्या पट्ट्या मी कुडाळात वजन करून निवडल्या होत्या. रिकाम्या घराचं वजन करून.

फैजपूरची गल्ली निरोपाला आली. कुणी केळीचे घड आणले, कुणी भरताची वांगी, कुणी गव्हाची पोती, पापडांचे डबे. नको म्हणायची सोय नव्हती. सासूबाईंनी आपला देव्हारा घराच्या नाकाशी ठेवायला लावला आणि बजावलं, "देवाच्या अंगावर काई ठेवू नका." मग सगळं मागे गेलं. सगळ्यात शेवटी चार माणसांनी मिळून त्यांचं दगडी जातं आणलं आणि मागच्या दारापाशी ठेवलं.

निघताना केळीच्या बागांमधून रस्ता होता. बाहेर आग, आणि बागेत दुपारीसुद्धा संध्याकाळ. वाळकी पानं खोडांवर आपटत होती. कुणीतरी आमच्या बरोबरीने, बागेच्या आतून, चालत येतंय असा आवाज.

जळगावच्या अलीकडे पहिला ट्रक ओलांडून गेला आणि आरशात घर दिसलं. डाव्या आरशात. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. माणूस दाराआडून डोकावतो ना, तसं. जीपचा मागचा भाग कुणी हळूच धरून बाजूला ओढल्यासारखा गेला आणि परत आला.

"काय ता?" सुनीता म्हणाली. दहा वर्षांत तिला आमचं बोलणं लागलंय.

"वारो," मी म्हटलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

मागून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुह्या सासऱ्यानं मांगून धरलं हाये. मी घर सोळलेलं त्याह्यले आवळलं नाई." (तिकडे ड चा ळ होतो.) सासरे जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. नवऱ्याचं घर सोडून त्या पहिल्यांदाच अशा निघाल्या होत्या.

जळगावात ट्रकच्या स्प्रिंगचे पट्टे बनवणारे रफिकभाई भेटले. मी त्यांना सांगितलं, जोड कमी पडतोय, जाड पट्ट्या द्या. "क्या घर के पीछे हाथी बांधा है?" ते हसले, आणि ट्रकच्या जुन्या स्प्रिंगमधून माझ्या मापाच्या पट्ट्या करून दिल्या. चूक त्यांची नव्हे, मीच घर न तोलता मागणी केली. जाड म्हणजे भक्कम, हे माझं गणित. साखळी आणखी एक कडी ओढली. जुन्या पट्ट्या सीटखाली टाकल्या. शेवभाजी मागवली, पण तिघांनीही ताटं तशीच परत केली.

पारोळ्यापुढे रस्ता ओस. ना गुरं, ना माणूस. बाभळींना गेल्या हंगामातला कापूस अडकून राहिलेला, पांढरे केस ओढून ठेवल्यासारखा. आता तर जीपची मागची चाकं रस्त्याला टेकतच नव्हती असं वाटे. ब्रेकला पाय लावला की मागचं घर आम्हाला वळवायला बघे. आरशात खिडकीचा पडदा सरकला, आणि सरकलेलाच राहिला. सासूबाईंनी एका हाताने खुबा धरला होता. कण्हत नव्हत्या, हेच वाईट.

"थांबव रे," सुनीता म्हणाली. "पुढे घाट हा. आईक घेऊन मी पायी जाईन, पण ह्याच्यात नाय."

तिथेच ते फाटक होतं.

हॉर्न ऐकून पत्र्याच्या केबिनमधून एक बाई डोक्यावर पदर ओढत आली. "कोठेन उनात भाऊ? पहिले मायले सावलीमा लया." (कुठून आलात, आधी आईला सावलीत आणा.) याच इंदूअक्का. सासूबाईंना त्यांनी आपल्या खाटेवर निजवलं, माठातलं पाणी दिलं. मी वजनाचं विचारलं तर म्हणाल्या, "रिकामा काटा शे. तठे वारानं बी वजन व्हस, तुम्हनं कराले काय?" (तिथे वाऱ्याचंही वजन होतं, तुमचं करायला काय?)

मला थट्टा वाटली. केबिनमध्ये गेलो तर काट्यावर कुणी नव्हतं आणि आकडे हलत होते. थोडे चढले, थांबले, शून्यावर आले.

"रोज दुपारले येस," अक्का म्हणाल्या. "वजन करी जास." (रोज दुपारी येतो, वजन करून जातो.)

त्यांनी आधी जीपची पुढची चाकं काट्यावर घ्यायला लावली, मग मागची. मागच्या चाकांवर भार जवळजवळ उरलाच नव्हता. माझ्या जाड पट्ट्यांनी जीपच उचलून धरली होती. मग म्हणाल्या, घर सोड.

चाकांना दगड लावले. साखळ्या सैल केल्या, पट्ट्या काढल्या, दांड्याखाली टेकू लावायला वाकलो आणि गोळ्याची कडी उघडली. दांडा टेकूवर बसला नाही. तो वर गेला. सावकाश, कुणाचा हात न लागता, माझ्या तोंडासमोरून वर गेला, आणि घराची मागची बाजू मातीवर बसली. आत भांडी गडगडली. मग देव्हाऱ्यातली घंटी वाजली, एकदाच.

खाटेवरून सासूबाई ओरडल्या, "पाह्यलं? बसले पाह्य मांगं जाऊन!"

मी तिथेच उभा, पाना हातात. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझाही विश्वास बसला होता.

अक्का मात्र घराला एक फेरी मारून आल्या. मागचं दार उघडून आत पाहिलं. "भाऊ, तुन्ही गाडी उलार शे." बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं आणि बैलांचा गळा आवळतो, त्याला उलार म्हणतात. आमच्याकडेही म्हणतात. शब्द मला ठाऊक होता, आणि तरी घराला तो लावायचं सुचलं नव्हतं. "बठ्ठं मांगे कसाले भरं?" (सगळं मागे कशाला भरलं?)

"पुढे देव आहेत," सुनीता म्हणाली.

अक्का सासूबाईंच्या उशाशी जाऊन बसल्या. "मालकनी नही धरं माय. त्या जातानी धरेल शे." (नवऱ्याने नाही धरलं, जात्याने धरलंय.)

सासूबाई म्हणाल्या, "जातंबी त्याह्यनंच आनेल हाये."

लांब कुठेतरी पत्रा वाजत होता.

अक्का म्हणाल्या, "मंग तेसले पुढे बसाड. आनि देव तुन्हा मांडीवर ले. देवले मांडी काय कमी शे?" (मग त्यांना पुढे बसव, आणि देव तुझ्या मांडीवर घे.)

सासूबाईंनी मान हलवली. सुनीताने देव पदरात घेऊन आईजवळ दिले. सुनीता, अक्का आणि मी जातं ढकलत, फळीवरून सरकवत, चाकांच्या पुढे आणलं. पोती पुढे आली, केळी मधे. दांडा आपोआप खाली आला. मग नुसतं नाक काट्यावर तोललं. दहा पोत्यांच्या गाडीत एक-सव्वा पोतं नाकावर असावं, हा हिशेब मला येतो. तेवढं होईपर्यंत डबे इकडचे तिकडे केले. रिकाम्या घरापेक्षा नाकावरचा भार थोडाच वाढला होता, आणि त्याला माझ्या जुन्याच पट्ट्या बरोबर लागत होत्या. पट्टी निवडायची ती नाकावरच्या भाराने. घराचा आकार बघून नाही, आणि भीतीने तर नाहीच. पुन्हा जोडल्यावर जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे जागेवर आले.

अक्कांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. तिघांनीही खाल्लं. काही द्यायला गेलो तर हात मागे घेतला. "पोचनात का फोन करज्या."

लळिंगच्या घाटात ट्रक अगदी अंगाला घासून गेले. मी आरशात बघत होतो. घर दोन्ही आरशांत सारखं, मधोमध. मागे सासूबाई देव मांडीवर घेऊन झोपल्या होत्या.

कुडाळला पोचून दोन पावसाळी महिने झाले. सासूबाई काठीने अंगणापर्यंत चालतात. जातं पडवीत आहे. कधी दुपारी ते थोडं फिरल्यासारखा आवाज येतो. मी उठून बघत नाही. पूर्वी मला अशा आवाजांची भीती वाटायची, आता मी एवढंच बघतो की कशावर किती भार पडलाय.

पोचल्याचा फोन केला तेव्हा अक्कांशी बोलणं झालं. त्यांची लेक नवापूरला दिलीय. तिला मुलगा होऊन वर्ष होत आलं, अक्कांनी त्याला अजून पाहिलेलं नाही, कारण काट्यावर त्यांच्या जागी बसायला कुणी तयार होत नाही. "दुपारले भ्यातंस लोके," (दुपारी लोक भितात) म्हणाल्या आणि हसल्या.

अक्का, मी आठवी शिकलोय, आकडे मला वाचता येतात. एक दिवस मी येईन आणि तुम्ही नातवाजवळ मनासारखं राहून परत येईपर्यंत तुमच्या खुर्चीवर बसेन. दुपारी जो येतो, त्याचंही वजन करून देईन.