डोमाजींचा फोटो

जुन्या कूलरच्या टाकीत तळाशी गाळ साचतो ना, तसे सत्काराचे किस्से माझ्याकडे साचले आहेत. दरवर्षी वाटतं, आता आणखी काही नवीन घडणं शक्यच नाही. आणि दरवर्षी मे महिन्यात घडतं!

मी नागपूरजवळच्या वाडीतल्या एका कूलर बनवणाऱ्या कंपनीत एच.आर.ला आहे. एच.आर. म्हटलं की लोकांना वाटतं एसी केबिन, लॅपटॉप आणि गोड बोलणं. आमच्याकडे एच.आर. म्हणजे शाली आणणे, नारळ आणणे आणि मंडपवाल्याशी भांडणे. कारण कंपनीचा स्थापना दिवस मे महिन्यात येतो आणि त्याच दिवशी वीस, पंचवीस, तीस वर्षं काढलेल्या लोकांचा सत्कार होतो. नागपूरचा मे! अंगावर ओढणी सहन होत नाही, आणि आम्ही धडधाकट माणसांना शाली पांघरतो.

मालकांना, म्हणजे आमच्या साहेबांना, मी एकदा म्हटलं, "सर, हा कार्यक्रम डिसेंबरात घेऊ या का?"

साहेब म्हणाले, "मॅडम, डिसेंबरात कूलरवाल्याले कोण विचारते?"

विषय संपला!

यंदा मात्र माझा एकच हट्ट होता. बाकी काय व्हायचं ते होवो, आमचे इलेक्ट्रिशियन डोमाजी यांचा शाल घेतलेला एक फोटो निघालाच पाहिजे. ते याच महिन्यात रिटायर होत आहेत. दोनदा सत्कार झाला, पण फोटो एकही नाही. का नाही, ते सांगतेच. पण आधी मी कसल्या लोकांत दिवस काढते ते कळू द्या.

* * *

तीस वर्षांच्या माणसाला आमच्याकडे कंपनीचा कूलर भेट देतात. ही कल्पना कोणाची ते मला विचारू नका. ज्याने जन्मभर कूलर बनवले त्याला कूलरच!

क्वालिटी तपासणारे ढोबळे काका तीस वर्षांचे झाले. स्टेजवर रिबन लावलेला कूलर आणला. साहेब हसत उभे, फोटोवाला तयार. आणि ढोबळे काकांनी काय केलं? कूलरला कान लावला. बोटाने पंखा फिरवला. मग खिशातून लाल स्टिकर काढून त्यावर डकवलं. "रिजेक्ट"!

साहेब माइकवरच ओरडले, "ढोबळे, गिफ्ट आहे ते!"

"गिफ्ट असलं म्हणून का झालं साहेब? पंखा घासून राहिला. नाव तं कंपनीचंच आहे नं त्यावर!"

शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं, चला, निदान कंपनीची शान तरी राहिली. कूलर परत न्यायला पोरांनी वळवला, तर मागे हिरवं स्टिकर. "पास". खाली सही ढोबळे काकांची!

मी त्या सहीवर बोट ठेवलं.

"पास केला त्या दिवशी तुम्हीच तं सत्काराचं सांगायले आल्या होत्या मॅडम," ढोबळे काका म्हणाले. "माझं ध्यान कुठं राहीन मग?"

म्हणजे चूक माझी!

* * *

सत्कारमूर्तीच्या बायकोने दोन शब्द बोलायचे, ही साहेबांची आवडती प्रथा. "घरची माणसं म्हणजे कंपनीचा कणा," वगैरे. मी कितीदा सांगून पाहिलं की सर, हे धोक्याचं आहे.

वेल्डिंगच्या वानखेड्यांना पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी वहिनींनी माइक असा घट्ट धरला की मला तेव्हाच घाम फुटला. त्या म्हणाल्या, "यायनं कंपनीसाठी जीव काढला जी. रोज घरी याले नऊ वाजतात. पोरं झोपून जात. पण मी कधी बोलली नाही. म्हटलं, काम आहे तं आहे."

वानखेडे बुटांकडे बघायला लागले. कारण आमचा भोंगा साडेपाचला वाजतो, आणि वानखेडे भोंग्याच्या आधीच हात धुऊन उभे असतात!

आता साहेबांनी गप्प बसावं की नाही? पण नाही. साहेब प्रेमाने म्हणाले, "वहिनी, पण आपल्याकडे तर ओव्हरटाइम कधीच नसतो."

वहिनींनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. नारळ त्यांच्याच हातात होता, म्हणून मी जरा पुढे सरकले.

वानखेडे साहेबांजवळ गेले आणि हळूच म्हणाले. हळूच, पण माइक चालू होता. "साहेब, शाल नोको मले. जुन्या तारखेचं ओव्हरटाइमचं पत्र भेटन का?"

* * *

पॅकिंगचे शंकरराव मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरचे. सत्कार झाला की आपणही साहेबांना काहीतरी द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. भावना चांगलीच हो! पण त्यांनी आणलं घरचं ताजं मिरचीचं तिखट. मोठी थैली.

तेही दिलं असतं बांधलेलं तर प्रश्न नव्हता. पण साहेबांना रंग दाखवायचा होता ना! "पाहा तं साहेब, कसा लालभडक आहे!" म्हणत त्यांनी स्टेजवर थैलीचं तोंड उघडलं. बरोबर आमच्या सगळ्यात मोठ्या मॉडेलच्या समोर. फुल स्पीड!

पहिल्या तीन रांगा उठून पळाल्या. साहेबांना तर बोलताच येईना. डोळ्यांतून धारा, नाक लाल, एक हात शंकररावांच्या खांद्यावर. डोळे उघडेनात म्हणून आधार घेतला होता तो! आणि आमचा फोटोवाला एरवी ऐन वेळी बॅटरी बदलत असतो, त्याने नेमका तोच क्षण टिपला.

पुढच्या महिन्यात कंपनीच्या मासिकात तो फोटो पहिल्या पानावर आला. खाली ओळ: "जुन्या सहकाऱ्याचा सत्कार करताना साहेबांना अश्रू अनावर."

साहेबांनी तो फ्रेम करून केबिनमध्ये लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

* * *

आता डोमाजी.

डोमाजी खापरखेड्याचे. लहानपणापासून वीज केंद्राच्या चिमण्या बघत मोठे झाले. त्यामुळे लाईट गेली की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो. "आमच्या गावात बनते अन् इथंच काहून जाते?" हे वाक्य मी रोज ऐकते.

कंपनीच्या जनरेटरला ते कोणाला हात लावू देत नाहीत. मेन स्विचही त्याच खोलीत; खोलीला कुलूप त्यांचं स्वतःचं, किल्ली त्यांच्याजवळ. दोन हेल्पर दिले, दोघांना त्यांनी खोलीबाहेर स्टुलावर बसवून ठेवलं. कशाचंही शिक्षण नाही, नुसतं बसायचं!

वीस वर्षांचा सत्कार होता तेव्हा डोमाजी स्टेजची पहिली पायरी चढले आणि लाईट गेली. ते वळले आणि पळाले. जनरेटर सुरू होऊन ते परत येईपर्यंत साहेबांचं भाषण सुरू झालं होतं. शाल रिकाम्या खुर्चीवर पांघरलेली. खोटं वाटेल, पण फोटो तसाच आहे! खुर्चीचा!

पंचवीसच्या वेळी मी त्यांना दंडाला धरून स्टेजवर नेलं. साहेबांनी शाल उलगडली. लाईट गेली. साहेबांच्या हातात शाल तशीच, आणि समोर कोणी नाही. त्या फोटोत साहेब गच्चीवर चादर वाळत घालताहेत असं वाटतं.

दोन्ही वेळा सुमनबाई, म्हणजे डोमाजींच्या घरच्या, पहिल्या रांगेत होत्या. दोन्ही वेळा नवीन साडी नेसून. कार्यक्रम संपल्यावर शाल-नारळ पिशवीत घालून त्या एकट्याच निघून गेल्या, कारण डोमाजी जनरेटर थंड व्हायची वाट बघत बसले होते.

यंदा एप्रिलमध्ये सुमनबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, समोरच्या खोलीत खिळा ठोकून ठेवला आहे जी मी. पहिल्या सत्कारापासूनचा. नातू विचारते, आबाचा फोटो कुठं आहे? आता तं रिटायर होऊन राहिले. यंदा तरी एक फोटो निघन का?"

मला एकदम गलबलून आलं. मी म्हटलं, "निघणार. मी शब्द देते."

आणि तडक डोमाजींकडे गेले. म्हटलं, "डोमाजी, कार्यक्रमाच्या दिवशी किल्ली हेल्परकडे द्यायची."

"नाही जमत मॅडम. तो जनरेटर दुसऱ्याचं ऐकत नाही."

"त्याला कान आहेत का ऐकायला? किल्ली द्या!"

"कमरेच्या करदोड्याले आहे. इथंच काढू का?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की अकाउंट्सवाले बाहेर आले.

* * *

तर या वर्षीचा स्थापना दिवस. दुपारचे चार. प्रोजेक्टरवर जुने फोटो दाखवायचे म्हणून शेडची शटरं पाडलेली. स्टेजच्या दोन्ही बाजूंना कूलर. मी सकाळपासून देवाला एकच सांगत होते, आज एक तासभर लाईट जाऊ देऊ नकोस.

सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटचं नाव डोमाजींचं. सुमनबाई पहिल्या रांगेत, अंजिरी रंगाची नवी साडी. मी माइकवर नाव घ्यायच्या आधी डोमाजींच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी!

आणि त्याच क्षणी लाईट गेली.

पंखे बंद, माइक बंद, कूलर बंद. कूलर कंपनीच्या शेडमध्ये सगळे वर्तमानपत्राने वारा घेताहेत! मला रडूच यायचं बाकी होतं. सुमनबाईंनी मांडीवरची पिशवी उलगडली, शाल-नारळ ठेवायला. ते बघवेना.

सगळे जनरेटरचा आवाज कधी येतो म्हणून कान देऊन बसले होते. आवाज येईना. आला तो बाजूच्या दारातून, चपलांचा. डोमाजी! पांढरा शर्ट, केसांना तेल, निवांत चालत. ते पायऱ्या चढले, मधल्या खुर्चीवर टेकून बसले आणि पहिल्या रांगेकडे बघून म्हणाले, "ये वं, तू पण ये. अशी बाजूले उभी राहा."

साहेबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. ते म्हणाले, "डोमाजी, बसलात काय! लाईट गेली ना! जनरेटर लावा!"

"गेली नाही साहेब. मीच मेन स्विच बंद करून आलो."

"काय? काहून?"

"दरवेळी मी चढलो का लाईट जाते अन् मले पळा लागते. यंदा म्हटलं, तिच्या आधी आपणच."

"अरे पण चालू कर आता! किल्ली कुठं आहे?"

"करदोड्याले."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागले. तोवर सुमनबाई स्टेजवर आल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

डोमाजींनी साहेबांपुढे खांदे केले, शालीसाठी. मग फोटोवाल्याकडे वळून म्हणाले, "फ्लॅश आहे नं बाप्पा तुझ्यात? मंग काढ!"